ड्रायव्हरच्या खिडकीशी येणारा चहा

मामा, तुझ्या ट्रकवर आता दुसरा माणूस आहे. नेपाळचा आहे, असं तुझ्या खोलीवरचे सदाशिवकाका म्हणाले. भाजी ठरल्या वेळी निघते, परक्या लष्कराच्या तळाच्या बाहेरच्या फाटकावर उतरते आणि ट्रक रिकामा परत येतो. तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. हे ऐकून तू हसला असतास. "अडायला मी काय बॉर्डर हाय?" असं काहीतरी म्हणाला असतास.

अल सद्दला एका घरी मराठी मंडळातले लोक जमले होते. तुझ्याबद्दल सगळे चांगलं बोलले. कष्टाळू, मनमिळाऊ, कुणाच्याही मदतीला धावणारा. मलाही बोलायला सांगितलं, पण मी उठलेच नाही. मग कुणीतरी म्हणालं, बोलता येत नसेल तर लिहून दे. म्हणून लिहिते आहे. तुझं गाव कोणतं, तू इथं आखातात कधी आलास, हे ज्यांना माहीत हवं त्यांना माहीत आहे. मला आपल्या भांडणाबद्दल लिहायचं आहे. ते अर्धवट राहिलं, आणि ज्याच्याशी पूर्ण करायचं तो तूच होतास.

शुक्रवारी सकाळी तू कंपनीचा पिकअप घेऊन हॉस्टेलच्या फाटकाशी यायचास. आत कधी आला नाहीस. एकदा मी म्हणाले, पाहुण्यांसाठी बसायची खोली आहे, एसी आहे, ये. तू म्हणालास, "माझी चप्पल तिथं शोभणार न्हाय, तूच ये." मग आपण मुऐदरला तुझ्या खोलीवर जायचो. सदाशिवकाका आणि बाकीचे तिघे मटण शिजवत असायचे. मी आले की एक जण उठून टीव्हीचा आवाज कमी करायचा आणि दुसरा अंगात शर्ट घालायचा. जेवण झालं की तू मला परत सोडायला निघायचास, आणि वाटेत त्या करक, म्हणजे कडक दुधाच्या, चहाच्या टपरीशी थांबायचास.

इथं चहा प्यायला कुणी खाली उतरत नाही. गाडी टपरीसमोर उभी करायची, हॉर्न द्यायचा, चहावाला कागदी कप घेऊन येतो. तो येतो ड्रायव्हरच्या खिडकीशी. पैसेही तिथंच घेतो. त्यामुळं जो गाडी चालवतो तोच चहा पाजतो, हे न ठरवता ठरलेलं असतं. मला गाडी चालवता येत नाही. दोन वर्षं मी उजवीकडं बसले आणि दोन वर्षं चहा तुझ्या हातातून माझ्या हातात आला. आधी मला त्यात काही वाटलं नाही.

तू ज्या तळाच्या फाटकावर भाजी उतरवायचास, त्याबद्दल आम्हाला कॉलेजात एक अख्खा विषय आहे, हे सांगितलं तेव्हा तुला ते खरंच वाटेना.

"त्यात काय शिकवत्यात? फाटक हाय. कुत्रं येतं, ट्रक हुंगतं. भाजी उतरली की खलास."

"तू आत गेलायस कधी?"

"आत कशाला जाऊ? पण तिथला एक गोरा मला रोज हात करतो."

"तो तुला हात करत नाही मामा. ट्रकला थांब म्हणून सांगतो."

"थांब म्हणून सांगणारा हसत न्हाय," तू म्हणालास. तुला ते लागलं की काय, असं मला वाटत राहिलं. पुढच्या शुक्रवारी तू आल्या आल्या सांगितलंस, "काल त्यानं नाव इचारलं माझं. आता बोल."

माझा निबंध लहान देश आणि त्यांचे मोठे मित्र यांच्यावर होता. मी पहिल्यांदाच असलं काही लिहीत होते. आपल्या घरात कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळं निबंध म्हणजे पुस्तकातलं आपल्या शब्दांत उतरवायचं, एवढंच मला माहीत होतं. पण आमच्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, तुझं मत लिही. माझं मत कुठं असतं ते मला कळेना, म्हणून मी ते तुझ्याशी भांडून शोधायला लागले. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटायचं, पोरगी शिकून शहाणी झाली आणि मामाला हरवायला बघते.

मी विचारलं होतं, एका देशाचं सैन्य दुसऱ्याच्या जमिनीवर बसलं तर जमीन कुणाची राहते?

"ज्याची त्याची. माझा फ्रिज शेजाऱ्याच्या खोलीत ठेवला तर खोली माझी झाली व्हय?"

"फ्रिजकडं बंदूक नसते."

"बरं. पण तो तळ बांधलाय कुणी? ह्यांनीच. पैसा ह्यांचा, बंदूक त्यांची. मग कोण कुणाच्या दारात उभं हाय, सांग."

त्या दिवशी हॉस्टेलवर परत येऊन मी तुझंच वाक्य निबंधात घातलं आणि त्याच्या खाली तुझ्याविरुद्ध लिहिलं. पहारेकऱ्याचा खर्च आपण केला, म्हणून तो आपल्या हुकमात राहतो असं नाही. त्याचा मालक लांब बसलेला आहे, आणि मालकाचं भांडण झालं तर दगड आपल्या घरावर येतो. गरीब देश कर्जामुळं वाकतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. इथं तर पैसेवाला देशही वाकलेला दिसतो. तो भीतीनं वाकतो. असं मी लिहिलं, आणि लिहून झाल्यावर मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

तू भीती पाहिली होतीस. शेजारच्या देशांनी या देशाची वाट अडवली तेव्हा मी गावी शाळेत होते आणि तू इथं. तू फोनवर आईला सांगायचास की दुकानातून दूध गेलंय, लोक गाड्या भरभरून सामान नेतायत. मग काही दिवसांनी सांगितलंस की तुर्कस्तानचं दूध आलं, डब्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत पण चहा बरा होतो. ती गोष्ट मी तुझ्याविरुद्ध वापरली. तेव्हा तळ होताच ना, मामा? त्या तळवाल्या मित्रानं काय केलं?

"अडवणाऱ्यांचाबी तोच मित्र. तो कुणाकडनं बोलणार?"

"मग असला मित्र कशाला हवा?"

"तो नसता तर ते नुसती वाट अडवून थांबले नसते, सुमे. आत आले असते."

तू हे अगदी शांतपणे म्हणालास. पण मला पटलं नाही. अजून पूर्ण पटलेलं नाही, मामा. तू गेलास म्हणून तुझं सगळं खरं होतं असं लिहिलं, तर तूच म्हणशील, पोरगी खोटं बोलायला लागली.

जूनमधल्या त्या संध्याकाळी मी हॉस्टेलच्या जिन्यात बसले होते. आधी विमानं बंद झाल्याची बातमी आली, मग आकाशात ते उजेड दिसले आणि खिडक्या थरथरल्या. इराणची क्षेपणास्त्रं तळावर चालली होती. माझ्या डोक्यात एकच होतं, तू त्या रस्त्यावर आहेस. तुझा फोन आला तेव्हा मागं सदाशिवकाकांचा आवाज येत होता. तुम्ही पाचही जण गच्चीवर होता.

"खिडकीपासनं लांब हो," तू म्हणालास.

"आणि तू गच्चीवर काय करतोयस?"

"बघतोय, कुठं पडतंय."

जवळजवळ सगळं आकाशातच पाडलं, कुणी दगावलं नाही, असं नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी तुझी भाजीची फेरी होती. मी म्हणाले, जाऊ नकोस. त्यांच्या भांडणात तुझी भाजी कशाला?

"माझी न्हाय, कंपनीची. आणि नासंल ती."

गेलास. संध्याकाळी फोन करून सांगितलंस की फाटक जागेवर आहे, कुत्रं जागेवर आहे, गोरा मात्र दिसला नाही. त्याच्याबद्दल तुला काळजी वाटत होती. मला त्याचा राग आला होता, कारण तो तिथं होता म्हणून ते उजेड तिकडं आले. आपण दोघं एकाच माणसाबद्दल बोलत होतो.

मग सप्टेंबरात शहरातच बॉम्ब पडले, आणि ते तळवाल्या मित्राच्या मित्रानं टाकले. त्या शुक्रवारी जेवताना सदाशिवकाका म्हणाले, "आता बोल की वकीलसाहेब, तुझा तळ काय करायला होता?" तू भाकरी मोडत राहिलास. मी जिंकले होते, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. तू काहीतरी उलट बोलावंस म्हणून मी मुद्दामच दोनतीन वेळा विषय काढला. तू म्हणालास, "जेव गप."

त्यानंतर काही दिवसांनी मोठ्या मित्रानं कागदावर वचन दिलं की या देशावर कुणी हल्ला केला तर तो आमच्यावर समजू. तू बातमी फोनवर दाखवलीस, जणू तुझाच कुणी पास झाला होता. "बघ. लिहून दिलंय आता."

मी म्हणाले, हे एका माणसाच्या सहीचं वचन आहे. तो माणूस गेला की त्याचं काय?

तू टपरीसमोर गाडी थांबवलीस, हॉर्न दिलास. चहावाला येईपर्यंत समोर बघत राहिलास. मग म्हणालास, "तुला हिकडं आणताना तुझ्या आईला मी शब्द दिला. तो कुठं लिहून दिलाय?"

मी हसले. विषय वेगळा आहे, मामा, असं काहीतरी बोलले. देशांचं वेगळं आणि माणसांचं वेगळं. पण तेव्हापासून मला ते वेगळं वाटेनासं झालं. मी उजवीकडं बसून विचार करायला लागले. माझी फी शिष्यवृत्तीतून जाते, बाकी सगळं तू बघायचास. कॉलेजच्या कागदावर इथला पालक म्हणून तुझी सही आहे. फोन तू घेतलास, चष्मा तू बदललास, आजारी पडले तेव्हा दवाखान्यात तू नेलंस. काहीही म्हटलं की "मी हाय ना." आणि वर्ग सहलीला मस्कतला जाणार होता तेव्हाही तूच म्हणालास, न्हाय म्हंजे न्हाय. मी का म्हणून विचारलं. तू म्हणालास, "मी आईला काय सांगू?" माझ्या रक्षणाचं काम तुझ्याकडं होतं, म्हणून माझी वाटही तुझ्या हातात होती. मला तुझा राग आला असं नाही. पण मी निबंधात जे लिहीत होते ते मला आपल्या पिकअपमध्ये दिसायला लागलं, आणि तेवढ्यानं मी घाबरले.

ग्रंथालयात मला काम मिळालं तेव्हा पहिल्या पगारात तुला सूक वाकिफच्या जुन्या बाजारात जेवायला न्यायचं ठरवलं. तू साफ नाही म्हणालास. मामानं भाचीला द्यायचं असतं, घ्यायचं नसतं, आपल्यात तसं नाही. मी म्हणाले, नुसता देत राहशील तर मी कायम घेणारीच राहीन. मग त्या दिवसापासून आपल्यात वाटाघाटी सुरू झाल्या. सूक वाकिफ नको, तिथं पाणीसुद्धा विकत. मग मुऐदरच्या साध्या हॉटेलात? नको, सदा हसंल. मग काय? शेवटी तू म्हणालास, "चहा पाज. टपरीवरचा."

"चहा हिशेबात धरला जात नाही," मी म्हणाले. पण तयार झाले. निदान काहीतरी झालं, असं वाटलं.

त्या शुक्रवारी तू हॉर्न दिलास. चहावाला आला, तुझ्याच खिडकीशी. मी पर्समधून नोट काढून तुझ्या हातात दिली. तू ती घेतलीस, डोक्यावरच्या सनशेडमागं खोचलीस, आणि आपल्या खिशातून दुसरी काढून त्याला दिलीस. हे सगळं तू इतकं सहज केलंस की चहावाल्याला काहीच वेगळं वाटलं नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"तू दिलास की चहा. मी घेतली न्हाय का नोट?"

"हे नाटक आहे, मामा. दाखवायला माझं, आणि खरं तुझंच."

"आगं, दाखवायला तरी तयार झालो न्हाय का मी? एवढ्यानं बी समाधान न्हाय?"

"नाही."

हॉस्टेल आलं. मी उतरताना तू सनशेडमागची नोट काढून माझ्यासमोर धरलीस. मी ती घेतली नाही.

पुढच्या शुक्रवारी तू आलास. मुऐदरला जेवलो. परत येताना टपरी आली. तू गाडीचा वेग कमी केलास, पण हॉर्नवर हात नेला नाहीस. माझ्याकडं बघून म्हणालास, "घ्यायचा का चहा?"

दोन वर्षांत हे तू पहिल्यांदा विचारलंस, मामा. आधी कधी विचारायची वेळच यायची नाही, हॉर्न व्हायचा आणि चहा यायचा. मला ते तेव्हाच कळलं होतं, अगदी त्याच क्षणी. आणि तरी मी म्हणाले, "नको, उशीर होतोय."

उशीर होत नव्हता. तू मान हलवलीस आणि गाडी पुढं घेतलीस. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी बाजारात भाजी भरत असताना तू खाली बसलास आणि उठला नाहीस.

आई फोनवर सारखं एकच विचारते. "दादा शेवटचं काय बोलला?" मी तिला सांगते, अभ्यास कर म्हणाला. ते खोटं आहे. तू शेवटचं मला चहा विचारलास, आणि हे आईला कसं सांगायचं ते मला येत नाही.

तू विमानानं गावी गेलास. मी विमानतळाच्या मालाच्या फाटकापर्यंत आले होते. सदाशिवकाकांनी कागद सांभाळले, बाकीच्यांनी तुझी बॅग भरली. मी विचारलं, माझ्याकडून काही देऊ का? सगळे एकदम नको म्हणाले. तिथं उभी असताना मला माझाच प्रश्न आठवला, जो मी तुला दुसऱ्या देशाबद्दल मोठ्या हुशारीनं विचारला होता. वचन देणारा माणूस गेला की वचनाचं काय? याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पुढच्या शुक्रवारी सकाळी हॉस्टेलच्या फाटकाशी एक जुनी गाडी येऊन उभी राहिली. आत सदाशिवकाका होते. म्हणाले, "चल लेकरा, मटण शिजायलंय." मी गाडीत बसले.

दरम्यान निबंध परत आला. गुण चांगले आहेत. बाईंनी शेवटी लिहिलंय, तुझ्या निबंधात मोठा देश सगळं करतो, लहान देश नुसता बसून सहन करतो. तो स्वतः काहीच करत नाही का? मी ते वाचलं आणि मला तू आठवलास, दुधाच्या डब्यावरची न कळणारी अक्षरं बघत उभा राहिलेला. हा देशही तेव्हा बसून राहिला नव्हता. दुसरीकडून दूध आणलं, दुसरे मित्र धरले, आणि पहिल्याला सोडलंही नाही. हे तू मला वारंवार सांगत होतास. मला ते लाचारी वाटायचं. आता तसं वाटत नाही, पण त्याला काय म्हणायचं तेही अजून कळत नाही. तू असतास तर एखादा फ्रिज मध्ये आणला असतास आणि मी चिडले असते.

तुझ्या तेराव्याला मुऐदरला सगळे जमले. तू बसायचास ती जागा कुणी घेतली नाही, पण तिथं कुणी काही ठेवलंही नाही. मी म्हणाले, आजचं सामान मी आणते. सदाशिवकाका म्हणाले, "त्याच्या भाचीकडून कामून घ्यावं?" मी वाद घातला नाही. म्हणाले, मग जेवणानंतरचा चहा माझा. ते एकमेकांकडं बघायला लागले. एक जण म्हणाला, "चहाला काय हरकत हाय?" आणि ठरलं.

आम्ही पाचही जण त्या जुन्या गाडीत दाटीनं बसलो. टपरी आली. सदाशिवकाकांनी हॉर्न दिला. चहावाला बाहेर यायच्या आत मी दार उघडून खाली उतरले.

तिथं सगळे ड्रायव्हर असतात, तुला आवडलं नसतं. मी टपरीच्या फळीशी जाऊन पाच सांगितले आणि पैसे दिले. चहावाल्यानं मला ओळखलं. हिंदीत विचारलं, "आज मामा नहीं आया?" मी म्हणाले, नहीं आया. उतरून यायला मला इतके दिवस कुणी मनाई केली नव्हती. तूही नाही. मी बसून राहिले होते आणि तुझ्याकडं बरोबरी मागत होते.

पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये कप घेऊन मी परत आले ती उजवीकडच्या माझ्या जागेकडं न जाता सदाशिवकाकांच्या खिडकीशी. काच खाली झाली. त्यांचा हात सवयीनं शर्टच्या खिशाकडं गेला. मी कप पुढं धरून उभी राहिले. तो हात खिशाशी थोडा थांबला, मग खाली आला आणि त्यांनी माझ्याकडून कप घेतला.

एवढंच हवं होतं, मामा. एवढंच.